अर्ध्या तासाचा चौकोन

कागद साधाच आहे. डाव्या कडेला वेळ, दर अर्ध्या तासाला एक ओळ आणि पुढे पाच रकाने. झोप. औषधाचा असर नाही. असर आहे आणि अंग आपोआप हलत नाही. असर आहे, अंग हलतंय, पण त्याचा त्रास नाही. असर आहे, अंग हलतंय आणि त्याचा त्रास होतोय. दिवसाच्या ४८ ओळी, प्रत्येक ओळीत एकच खूण.

पार्किन्सन्सच्या औषधांवर संशोधन करणारे जगभर हीच रोजनिशी वापरतात. फ्लोरिडातल्या रॉबर्ट हाउझर यांनी सहकाऱ्यांसह ती २००० साली मांडली. नवं औषध दिवसातले किती तास काम करतं आणि त्यापायी अंग किती वेळ हलतं, हे अजूनही मुख्यतः अशा खुणा मोजूनच ठरवतात. मेंदूचे स्कॅन आले, मनगटावर बांधायची यंत्रं आली. पण शेवटच्या दोन रकान्यांतला फरक यंत्राला सांगता येत नाही. तो ज्याचं अंग हलतंय त्यालाच विचारावा लागतो.

माझी आत्या गिरगावात, मुगभाटातल्या चाळीत राहते. पार्किन्सन्सचं निदान होऊन नऊ वर्षं झाली. गोळ्यांच्या वेळा बदलण्याआधी परळच्या डॉक्टरांनी तिला हा कागद भरून आणायला सांगितलं. तिचं अक्षर आताशा इतकं बारीक होत जातं की ओळीच्या शेवटी तिचं तिलाच लागत नाही. म्हणून तिने सांगायचं आणि मी खूण करायची, असं ठरलं. कागद फ्रिजच्या दारावर लावला, पेन दोरीने अडकवलं आणि मी तिच्याकडे राहायला गेले.

आधी काय बघायचं ते शिकावं लागलं. कंप बहुतेकांना ओळखू येतो. हात मांडीवर निवांत असताना अंगठा आणि तर्जनी एका लयीत हलतात, सेकंदाला चार ते सहा वेळा. कप उचलायला हात पुढे केला की बहुधा थांबतात. हा कंप आजाराचा. गोळीमुळे येणारी हालचाल वेगळी असते, तिला लय नसते. आत्याचा उजवा खांदा वर जातो, मान कलते, धड गोल गोल डुलतं, आणि उजवं पाऊल अंधारात चप्पल चाचपावी तसं फरशीवर फिरत राहतं. ती बोलत असेल तर जास्त, कुणी अनोळखी आलं तर आणखी जास्त, झोप लागली की बंद. आजार अंग जखडतो, गोळी ते सोडवते, आणि वर्षं जातात तसं सोडवता सोडवता जास्तच सैल करते. डॉक्टर याला डिस्कायनेशिया म्हणतात. चाळीत सगळेच ‘कंप वाढलाय’ म्हणत होते. त्यावर शेजारणीने सुचवलेला उपाय होता आणखी अर्धी गोळी. हालचाल गोळीनेच होत असताना अर्धी गोळी वाढवली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून या दोन हालचाली डोळ्यांनी वेगळ्या करणं घरातल्या प्रत्येकाला यायलाच हवं, असं मला वाटतं.

गोळीतलं मुख्य द्रव्य लेव्होडोपा. मेंदूच्या खोल भागातल्या, डोपामिन तयार करणाऱ्या पेशी या आजारात मरत जातात. नुसतं डोपामिन दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतं आणि आत त्याचं डोपामिन होतं. अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी १९६७ साली डोपाची मात्रा हळूहळू खूप वाढवत नेली आणि जखडलेली माणसं चालती केली. १९६९ साली लेव्होडोपाचे निष्कर्ष मांडताना त्यांनी या नव्या, आपोआप होणाऱ्या हालचालींचीही नोंद केली. म्हणजे उपाय आणि उपायाचा त्रास यांची ओळख वैद्यकाला जवळजवळ एकदमच झाली. चार ते सहा वर्षं लेव्होडोपा घेतलेल्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांत या हालचाली दिसतात.

आत्याचा दिवस पहाटे पाचला, नळाला पाणी येतं तेव्हा सुरू होतो. रात्रीची गोळी तोवर कधीच उतरलेली असते. उजव्या पायाची बोटं आत वळून घट्ट बसलेली, पोटरी कडक, टाच टेकवली तर कळ मस्तकात. हीसुद्धा आपोआप होणारी गोष्ट, पण औषध संपल्यामुळे होणारी. खूण दुसऱ्या रकान्यात. साडेपाचला पहिली गोळी, नुसत्या पाण्याबरोबर. दुधातली, डाळीतली प्रथिनं पचून झालेली अमिनो आम्लं आणि लेव्होडोपा आतड्यातून आत शिरायला एकच दार वापरतात, म्हणून चहा अर्ध्या तासाने. सहाच्या सुमारास दोन्ही पाय काही मिनिटं जोरात हलतात, सायकल मारल्यागत, आणि थांबतात. मग साडेसात ते नऊ हा तिचा सगळ्यात चांगला काळ. केस विंचरते, पूजा करते, गॅलरीतून खालच्या भाजीवाल्याशी घासाघीस करते. खूण तिसऱ्या रकान्यात.

नऊला दुसरी गोळी. साडेदहाला तिचं धड डुलायला लागतं.

त्या दिवशी तिने वाल सोलायला घेतले होते. मोड आलेले, कोमट पाण्यात भिजवलेले. एक एक दाणा चिमटीत धरून टोकाशी दाबायचा, साल एकीकडे आणि डाळिंबी दुसरीकडे. खांदा वर जात होता, मान कलत होती, ताट मांडीवरून सरकू नये म्हणून तिने ते भिंतीशी टेकवलं होतं. चिमूट मात्र नेमकी दाण्यावर पडत होती. पाहुण्या माणसाला ते बघवलं नसतं. मी पेन घेऊन विचारलं, ‘आत्या, त्रास होतोय का? चौथा रकाना की पाचवा?’

‘त्रास कसला? वाल सोलतेय ना मी,’ ती म्हणाली. ‘पहाटे ये आणि विचार त्रास कशाला म्हणतात ते.’

चौथ्या रकान्यात खूण केली. अकराला ताट उलटलं, डाळिंब्या फरशीवर गेल्या आणि तिला पाठ टेकून बसावं लागलं. तेव्हा ती आपणहून म्हणाली, ‘आता पाचवा.’

हाउझर यांनी रकाने वेगळे केले ते याचसाठी. त्याआधी बहुधा अंग हलतंय एवढंच मोजलं जाई, आणि बघणाऱ्याला जे भयंकर वाटतं ते अनुभवणाऱ्याला तसं वाटतंच असं नाही. रुग्णांनी ‘त्रास नसलेली हालचाल’ हा काळ आपल्या चांगल्या काळात धरला, आणि तेव्हापासून चाचण्यांत तो चांगल्या बाजूला मोजतात. एका माणसाच्या निवाड्याला शास्त्राने असा मान दिल्याची उदाहरणं फार नाहीत. मला या संशोधनातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते.

परळला जायचं म्हणजे वेळेचं गणित. केईएम, टाटा, वाडिया अशी रुग्णालयं जवळजवळ असलेला तो सगळा भाग सकाळी आठपासून भरतो. टॅक्सी, केसपेपर, बाकड्यावरची वाट, आणि मग डॉक्टरांसमोरची दहा मिनिटं. ती दहा मिनिटं दिवसाच्या कोणत्या चौकोनात पडतील, हे आपल्या हातात नसतं. मागच्या वेळी आत्या नेमकी उतरलेल्या अवस्थेत आत गेली होती. खुर्चीतून उठवायला दोघं लागले. अशा वेळी कोणताही डॉक्टर मात्रा वाढवण्याचाच विचार करील. यावेळी कागद होता, आणि मोबाइलवर घेतलेले व्हिडिओचे तुकडे होते: पहाटेचा पाय, सहाचे पाय, साडेदहाचं धड.

आधी तरुण रेसिडेंट डॉक्टरने तपासलं. चिमूट उघडझाप, मुठी, टाच आपटणं, मागून खांद्याला झटका देऊन तोल. मग म्हणाली, ‘आजी, हा माझा कोट घालून दाखवा आणि काढून दाखवा.’ साडीवर पांढरा कोट चढवताना आत्याचा खांदा दोनदा बाहीबाहेर निसटला. नंतर पेल्यातलं पाणी पिणं, एका चित्रात काय काय दिसतंय ते सांगणं, आणि पॅसेजमध्ये चालून येणं. या चार कृती उगाच निवडलेल्या नाहीत. डिस्कायनेशिया मोजण्याचं जे एकत्रित मापन क्रिस्टोफर गोएट्झ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली मांडलं, त्यात बोलणं, पिणं, कपडे घालणं आणि चालणं याच कृती करायला लावून गुण देतात. गप्प बसलेल्या माणसात जे दिसत नाही ते यांत दिसतं. शेवटी तिने शंभरातून सात सात वजा करत जायला सांगितलं. आत्या पोस्टाच्या काउंटरवर नोकरी करून निवृत्त झालेली. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, ती न अडखळता उतरत गेली, आणि बहात्तरपर्यंत येताना मांडीवर शांत असलेला उजवा हात उचलला गेला, मान वळली. मन कामाला लागलं की हालचाल उघडी पडते.

मोठ्या डॉक्टरांनी कागद टेबलावर उलगडला आणि तुकडे बघितले. पहिला प्रश्न: ‘पाय आधी हलतात की अंगाचा वरचा भाग?’ तो प्रश्न मला नंतर समजला. गोळी चढताना आणि उतरताना, अधल्यामधल्या पातळीवर, मुख्यतः पायांत हालचाल येते. पातळी शिखरावर असताना मान, खांदे, धड हलतं. पहाटेची वळलेली बोटं पातळी तळाला गेल्याची खूण. तिन्ही हालचाली आपोआप होणाऱ्याच, पण उपाय वेगवेगळे. शिखरावरच्या हालचालीसाठी एका वेळची मात्रा कमी करतात. तीच मात्रा चढ-उताराच्या हालचालीसाठी कमी केली तर माणूस अधल्यामधल्या पातळीवरच रेंगाळतो आणि पाय जास्त वेळ हलतात. म्हणून आधी कागद, मग औषध.

दुसरा प्रश्न त्यांनी कागदावर बोट ठेवून विचारला. ‘नऊच्या गोळीची मात्रा साडेबाराच्या गोळीएवढीच आहे. मग साडेदहा ते बारा एवढं जोरात का? आणि पुन्हा साडेपाचला? काकू, गोळ्यांशिवाय आणखी काय घेता? काढा, चूर्ण, काही?’

‘कवचबीजाचं चूर्ण घेते की,’ आत्या म्हणाली. ‘दहाला आणि साडेचारला. दुधातून. ते काय औषध नाही हो, शक्तीसाठी.’

भाच्याने ते लालबागहून आणून दिलं होतं, सुटं, कागदाच्या पुडीत. कवचबीज म्हणजे खाजकुइलीचं बी. आत्याचं बालपण राजापूरकडचं. पावसाळा सरल्यावर कुंपणावर लटकणाऱ्या त्या तपकिरी, मखमली शेंगा आणि हात लागला की दिवसभर सुटणारी खाज तिला चांगली आठवते. खाज शेंगेवरच्या केसांची, बियांची नव्हे. बी दुधात उकडून, सोलून चूर्ण करायची रीत आयुर्वेदात आहे. आत्मगुप्ता, कपिकच्छू ही तिचीच नावं.

डॉक्टर रागावले नाहीत, हसलेही नाहीत. त्यांनी विचारलं, चमचा कोणता, सपाट की शिगोशीग. कारण त्या बियांत खरोखरच लेव्होडोपा असतं. मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ सालीच ते खाजकुइलीच्या बियांतून वेगळं काढून दाखवलं होतं, कोट्झियासच्या तीस वर्षं आधी. ते कशाला उपयोगी पडेल हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. बियांत त्याचं प्रमाण साधारण तीन ते सहा टक्के. शिगोशीग चमचा सहा ग्रॅमचा धरला तर एका वेळी १८० ते ३६० मिलिग्रॅम. आत्याच्या एका गोळीत लेव्होडोपा १०० मिलिग्रॅम. आता नुसत्या चूर्णातलं लेव्होडोपा बरंचसं मेंदूत पोहोचण्याआधीच शरीरात मोडतं, म्हणून चूर्ण एकटं घेतलं तर एवढा परिणाम दिसत नाही. पण तिच्या गोळीत कार्बिडोपा असतं, आणि त्याचं कामच ही मोडतोड अडवण्याचं. नऊच्या गोळीतलं कार्बिडोपा रक्तात असताना दहाला चूर्ण पोटात गेलं की ते चूर्णातल्या लेव्होडोपालाही राखतं. दोन औषधं एकमेकांना हात देत होती आणि घरात कुणाला पत्ता नव्हता, कारण एक डब्यात होतं आणि दुसरं दुधात.  साडेदहाचं शिखर तिथून आलेलं.

या चूर्णाचा आणि मुंबईचा संबंध मात्र लालबागच्या पुडीपुरता नाही. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या मुंबईतल्या सहकाऱ्यांनी १९७८ साली ‘न्यूरॉलॉजी इंडिया’त एक अभ्यास प्रसिद्ध केला: पार्किन्सन्सच्या २३ रुग्णांना कवचबीजाचं चूर्ण, दिवसाला सरासरी ४५ ग्रॅम. गुण आला. परंपरेत वापरात असलेली गोष्ट आधी माणसांत नीट तपासायची आणि मग प्रयोगशाळेत मागे जात तिचं कारण शोधायचं, या उलट्या वाटेचा डॉ. वैद्य यांनी पुढे आयुष्यभर पाठपुरावा केला. तेव्हा दादरला गोखले रोडवर असलेल्या झंडूने प्रमाणित चूर्ण तयार केलं. चाचणीत त्याचं नाव एचपी-२००, बाजारात झंडोपा. साडेसात ग्रॅमच्या एका पुडीत साधारण २५० मिलिग्रॅम लेव्होडोपा. १९९५ मध्ये चार केंद्रांवरच्या ६० रुग्णांचे बारा आठवड्यांचे निष्कर्ष आले. पाण्यात कालवून दिवसाला सरासरी सहा पुड्या. लक्षणं घटली, त्रास झाला तो मुख्यतः पोटाचा.

आमच्या कागदावरचा प्रश्न, अंग किती हलतं, तो नेमका लंडनमध्ये विचारला गेला. २००४ साली क्वीन स्क्वेअरच्या रुग्णालयात रेगिना कात्झेनश्लागर, अँड्र्यू लीज आणि सहकाऱ्यांनी आठ रुग्णांना वेगवेगळ्या दिवशी नेहमीची गोळी किंवा चूर्ण दिलं. कुठल्या दिवशी काय दिलं ते रुग्णांनाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यांनाही नाही. ३० ग्रॅम चूर्णाचा असर सुमारे ३५ मिनिटांत सुरू झाला, गोळीचा सुमारे ६९ मिनिटांत. चांगला काळ ३७ मिनिटांनी वाढला. रक्तातली लेव्होडोपाची पातळी गोळीच्या दुपटीहून वर गेली. एवढ्या चढलेल्या पातळीला हालचाली वाढायला हव्या होत्या. त्या वाढल्या नाहीत. मग २०१७ मध्ये रोबेर्तो चिलिया आणि सहकाऱ्यांनी बोलिव्हियात १८ रुग्णांना भाजलेल्या बियांची पूड एकेका मात्रेत दिली. तिथे तर गोळीपेक्षा हालचाली कमी दिसल्या. बियांत लेव्होडोपाशिवाय आणखी काहीतरी असावं, अशी शंका तिथून बळावली आणि ती अजून फिटलेली नाही.

पण त्याच गटाने पुढे १४ रुग्णांना रोज, सोळा आठवड्यांच्या अभ्यासात, ती पूड देऊन बघितली तेव्हा निम्मे मध्येच बाहेर पडले. कुणाला मळमळ, कुणाचं जखडणं वाढलं. एका मात्रेत जे चांगलं दिसतं ते रोजच्या जगण्यात टिकेलच असं नाही. चूर्ण म्हणजे निरुपद्रवी, हे चाळीतलं मत मला मान्य नाही. चूर्ण म्हणजे थोतांड, हे काही शिकलेल्या लोकांचं मतही मान्य नाही. ते औषध आहे, म्हणूनच चमचा कोणता हे विचारावं लागतं.

डॉक्टरांनी चूर्ण एकदम बंद केलं नाही, आणि हे इथे ठळकपणे लिहायला हवं. लेव्होडोपा, मग ते गोळीतलं असो की बियांतलं, अचानक तोडलं तर माणूस जखडतो, ताप चढू शकतो, जीवावर बेतू शकतं. आधी दहाचा चमचा सपाट, मग अर्धा, मग बंद. त्यानंतर साडेचारचा. गोळीची एका वेळची मात्रा थोडी कमी आणि दोन गोळ्यांमधलं अंतरही कमी. हालचाल घटवणारी अमँटाडीनची गोळी त्यांनी हातची राखून ठेवली. ‘रात्री खोलीत कुणी उभं असल्यासारखं दिसतं का?’ त्यांनी विचारलं. आत्या क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘दाराशी एक बाई दिसते कधीकधी. मी तिच्याशी बोलत नाही.’ मला हे माहीत नव्हतं. अमँटाडीनने असे भास वाढू शकतात, म्हणून सध्या नको. १९६९ पासून पार्किन्सन्सवर वापरात असलेल्या या जुन्या गोळीचा हालचालींवरचा उपयोग १९९८ साली नीट चाचणीतून दिसला, आणि आजही या कामासाठी हाताशी असलेल्या औषधांत तीच मुख्य आहे. एवढ्या वर्षांत यादी फार वाढली नाही.

यादी का वाढत नाही, ते मेंदूत काय घडतं यावरून कळतं. निरोगी मेंदूत डोपामिन संथ, सलग पुरवलं जातं. आजाराच्या पहिल्या वर्षांत उरलेल्या पेशी गोळीतलं लेव्होडोपा साठवतात आणि बेताने वापरतात. दिवसाला तीन गोळ्या पुरतात. पुढे साठवणाऱ्या पेशीच फारशा राहत नाहीत, आणि रक्तातलं लेव्होडोपा तर साधारण दीड तासात निम्मं होतं. मेंदूतली पातळी त्याच्यामागे वर-खाली होते. शिवाय सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी लेव्होडोपा उचलून त्याचं डोपामिन करतात, पण किती सोडायचं याचा लगाम त्यांच्याजवळ नाही. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात २००७ साली उंदरांवर हे दाखवलं गेलं: त्यांच्या मेंदूतल्या सेरोटोनिनच्या पेशी नष्ट केल्यावर लेव्होडोपाने येणाऱ्या हालचाली जवळजवळ थांबल्या. उंदरांच्या या हालचालींना गुण देण्याची रीत तिथेच अँजेला चेंची यांनी बसवली. लेव्होडोपा टोचल्यावर ठरावीक मिनिटांच्या अंतराने प्रत्येक उंदराकडे मिनिटभर बघायचं आणि शून्य ते चार गुण लिहायचे. प्रयोगशाळेतही शेवटी कुणीतरी घड्याळ लावून शांतपणे बघत बसतं. मात्र त्रास होतोय की नाही, हा रकाना उंदरांच्या तक्त्यात नाही. तिथे सापडलेली कित्येक औषधं माणसांत निष्प्रभ ठरतात, किंवा हालचालीबरोबर गोळीचा गुणही घालवतात.

चाळीत आत्याच्या समोरच्या खोलीतल्या काकांना अलीकडेच पार्किन्सन्सचं निदान झालं. गोळी लिहून दिली आहे, ते घेत नाहीत. आत्याचं डुलणारं अंग रोज समोर दिसतं, आणि गोळी जितकी उशिरा सुरू करू तितकं हे लांबेल, असा त्यांचा हिशेब. हा हिशेब अनेक घरांत आहे, एके काळी डॉक्टरांतही होता. त्याचं उत्तर घानातून आलं. तिथे लेव्होडोपा परवडत नाही, मिळत नाही, म्हणून रुग्णांना ते फार उशिरा सुरू होतं. चिलिया आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये घानातले रुग्ण आणि इटलीतले रुग्ण यांची तुलना केली. घानात औषध सरासरी चौथ्या वर्षानंतर सुरू झालेलं, इटलीत त्याच्या बरंच आधी. तरी हालचाली सुरू झाल्या त्या दोन्हीकडे आजाराच्या साधारण त्याच टप्प्यावर. औषध किती वर्षं घेतलं यापेक्षा आजार किती जुना आणि रोजची मात्रा वजनाच्या मानाने किती, हे महत्त्वाचं ठरलं. थांबून घानातल्या माणसांनी हालचाली टाळल्या नाहीत, फक्त चांगली वर्षं जखडून काढली. काकांना मी हे सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ‘डॉक्टरांना विचारतो’ म्हणाले. विचारतील अशी आशा आहे.

वजनाचा मुद्दा मला आत्यामुळे नीट कळला. ती ४१ किलोची आहे. युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं ते असं की बाईमाणूस, कमी वजन, लवकर वयात सुरू झालेला आजार आणि जास्त मात्रा असेल तर हालचालींचा धोका वाढतो. आपल्याकडच्या किती बायका यांतल्या दोन अटी सहज पुऱ्या करतात! मात्रेचे संकेत मात्र पुष्कळदा थोराड बांध्याच्या माणसांवरून ठरलेले.

म्हणून मला वाटतं, कवचबीजाचा आणि हालचालींचा प्रश्न मुंबईतच नीट सोडवला जावा. १९७८ चा अभ्यास इथला, प्रमाणित पुडी दादरची, चूर्ण घेणारी माणसं लालबागपासून गिरगावपर्यंत आजही आहेत, बहुतेक डॉक्टरांना न सांगता घेणारी. घरोघरी जाऊन मोजण्याची रीतही या शहराला नवी नाही. डॉ. नदीर भरुचा, डॉ. एडी भरुचा आणि सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींत दारोदार फिरून १४,०१० माणसांची पाहणी केली, तीत ४६ जणांना पार्किन्सन्स निघाला, आणि १९८८ साली छापलेला तो आकडा अजूनही जगभर उद्धृत होतो. आठ, चौदा, अठरा रुग्णांचे अभ्यास वाटेवर दिवा लावतात. पुढचं चालायला शंभरावर रुग्ण, लेव्होडोपाचं प्रमाण मोजलेली पूड, वर्षभराचा काळ, प्रत्येकाचं वजन, गोळीतल्या कार्बिडोपाचा हिशेब, आणि घरी बसून अर्ध्या अर्ध्या तासाला खूण करणारं कुणीतरी हवं. कागद मराठीत हवा, आणि पाचवा रकाना कधी भरायचा ते रुग्णानेच ठरवायला हवं.

चूर्ण सुटल्यानंतरच्या कागदावर आत्याच्या साडेदहाच्या खुणा तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यात आहेत, पाचव्यात क्वचित. पहाटेचा पाय तसाच आहे. त्यासाठी झोपताना घ्यायची, हळूहळू विरघळणारी गोळी आता सुरू झाली आहे, आणि तिचा कागद भरणं चालू आहे.